लोकप्रिय वामनराव लाखे : बँकेपासून धानाच्या गिरणीपर्यंत

रायपूरच्या जुन्या वस्तीलगत लाखेनगर नावाचा भाग आहे. रिक्षावाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी हे नाव असते. परंतु ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो ते वामनराव लाखे कोण, असे विचारले असता स्वातंत्र्यसैनिक होते, यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. देशासाठी त्यांनी तुरुंगवास पत्करला हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्यांच्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे एका निराळ्या आणि फारशा न दिसणाऱ्या कामाशी बांधलेली होती. धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती त्या धानाचे मोल राहावे कसे, हे ते काम. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे स्मरण करावयाचे ते मुख्यतः यासाठी.

छत्तीसगडात मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या मागोमाग. १७४१ साली नागपूरकरांचे सेनापती भास्करपंत या मुलखात उतरले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथील कारभार पाहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी कारभाराच्या, वतनाच्या, भिक्षुकीच्या निमित्ताने आलेली घरे परत गेली नाहीत. घरात मराठी, अंगणाबाहेर छत्तीसगडी आणि कचेरीत हिंदी असा त्रिवेणी व्यवहार त्या घरांच्या अंगवळणी पडला. पुढे रेल्वे आली, सरकारी नोकऱ्या आल्या, भिलाईचा कारखाना आला आणि आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील त्या नंतरच्या लाटांबरोबर येथे पोचले. वामनराव त्या पहिल्या, जुन्या मराठी रायपूरचे.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७२ रोजी रायपुरात झाला. वडील बळीराम गोविंदराव लाखे यांनी गरिबीतून कष्टाने वर येऊन काही गावे खरेदी केली होती. म्हणजे वामनराव वाढले ते मालगुजाराच्या घरात. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मालगुजाराच्या घरी धान येते ते खंडाचे आणि वसुलीचे. त्या घराच्या ओसरीवर बसून पाहिले तर कुळाचे दैन्य हा एक हिशेबाचा भाग वाटू लागतो. कुळाच्या बाजूने हिशेब मांडायला पुढे उभा राहिलेला हा गृहस्थ त्या ओसरीवरूनच उठून आला होता.

शाळेत त्यांना एक सहाध्यायी लाभले, माधवराव सप्रे. ही मैत्री पुढे दोघांच्याही उपयोगी पडली. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले, तेव्हा संपादक म्हणून माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांची नावे होती आणि प्रकाशकाची जबाबदारी वामनरावांनी उचलली होती. छत्तीसगडातील हे पहिले नियतकालिक, आणि त्याचे तिन्ही आधारस्तंभ मराठी भाषक! आपल्यापैकी काहींना याचे नवल वाटेल. काहींना, मराठी मासिक का काढले नाही, अशी हळहळही वाटेल. परंतु ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्या भाषेत बोलावे, हे या तिघांना फार लवकर उमगले होते. मासिक तीन वर्षे चालले, तोटा सोसत चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले. त्याच्या पानांवर १९०१ साली आलेली सप्र्यांची ‘एक टोकरीभर मिट्टी’ ही गोष्ट हिंदी कथेच्या इतिहासात आज आदराने उल्लेखिली जाते. बळजबरीने झोपडी गेलेल्या एका अनाथ विधवेची ती गोष्ट आहे. प्रकाशक आणि संपादक दोघांचे लक्ष कोणत्या प्रश्नाकडे होते, ते त्यावरून दिसते.

मासिकाचा जन्म झाला ते वर्ष भीषण होते. १८९६-९७ च्या दुष्काळाने रायपूर जिल्हा खचला होता, तोच १८९९-१९०० चा दुष्काळ कोसळला. लोकांनी बियाणे खाल्ले, बैल विकले, गावे सोडली. १९०४ साली कायद्याची परीक्षा देऊन वामनराव रायपुरात वकिली करू लागले, तेव्हा त्या दोन दुष्काळांनी मागे ठेवलेले कर्ज जिल्ह्याच्या मानेवर होते. योगायोग असा की, हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला तोही १९०४ सालीच.

येथे जरा थांबून धानाचे अर्थशास्त्र पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय वामनरावांच्या कामाचा अर्थ लागत नाही. छत्तीसगडचा शेतकरी वर्षातून एक पीक घेतो. आषाढ-श्रावणात घरातील कोठी रिकामी होते, तेव्हा बियाण्याला आणि पोटाला धान हवे असते. ते सावकाराकडून ‘बाढी’ने येई, म्हणजे नेले त्याच्या सव्वापट किंवा दीडपट धान खळ्यावर परत करावयाचे. दिवाळीनंतर पीक खळ्यावर आले की सावकार दारात, सारा भरण्याची मुदत जवळ आणि सगळ्यांचेच धान एकाच वेळी विक्रीस निघालेले. साहजिकच भाव पडलेला. गावोगाव फिरणारा कोचिया, म्हणजे आपल्याकडचा फिरता दलाल, त्या भावाने काठ्याच्या मापाने धान मोजून नेई. तेच धान शहरातील गिरणीत जाऊन तांदूळ झाले की त्याचे मोल वेगळे, आणि पुढल्या पावसाळ्यात तोच तांदूळ पुन्हा गावात आला की त्याचे मोल आणखी वेगळे. पिकविणारा स्वस्तात विकतो आणि तोच महागात विकत घेतो, असे हे चक्र होते.

आणि धानातून केवळ तांदूळच निघतो असे नव्हे. साधारण हिशेब असा की, शंभर किलो धान भरडले तर सदुसष्ट किलोच्या आसपास तांदूळ मिळतो. वीस-बावीस किलो तूस निघते, ते भट्टीत जळणाला जाते. पाच-आठ किलो बारीक कोंडा निघतो, तो जनावरांना उत्तम खाद्य; पुढे त्यापासून तेलही काढू लागले. कणी वेगळी पडते, तिचेही गिऱ्हाईक असते. धान उकडून भरडले तर उकडा तांदूळ, भिजवून भाजून कांडले तर पोहे, फोडले तर लाह्या आणि मुरमुरे. शेतकरी धान विकतो तेव्हा तो हे सारे एकाच भावात, धानाच्या भावात, देऊन टाकतो. पूर्वी घरच्या ढेंकीत किंवा उखळात धान कांडले जाई, तेव्हा निदान कोंडा आणि कणी गावातच राहत. रेल्वे आल्यावर, विशेषतः १९०० साली रायपूर-धमतरी हा छोटा लोहमार्ग सुरू झाल्यावर, धान गावाबाहेर पडणे सोपे झाले आणि गिरण्या शहरांत, व्यापाऱ्यांच्या मालकीच्या, उभ्या राहत गेल्या. धानाबरोबर त्याचा कोंडाही गेला.

या गुंत्याचे पहिले टोक वामनरावांनी पकडले ते पतीचे. १९१२ च्या नव्या कायद्याने गावच्या सोसायट्यांना जोडणाऱ्या मध्यवर्ती बँका काढणे शक्य झाले, आणि लगेच १९१३ साली रायपूर को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक स्थापन झाली. तिच्या उभारणीत वामनरावांचा पुढाकार होता. तिचे मंत्री म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि पुढे अध्यक्षपदही सांभाळले. त्या काळच्या ग्रामीण सोसायट्यांत सभासदांची जबाबदारी अमर्याद असे, म्हणजे एकाने बुडविले तर बाकीच्यांच्या जमिनीवर बोजा येई. अशा अटीवर अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांना एकत्र आणणे म्हणजे काय, याची कल्पना आज सोसायटीच्या सभेला चार माणसे जमविताना घाम फुटणाऱ्या आपल्यासारख्यांना सहज यावी. वकिलाची चालती कचेरी सोडून खेड्यांतील हिशेबवह्या तपासणे हा काही कीर्तीचा मार्ग नव्हे.

सरकारदरबारी मात्र त्यांची दखल घेतली गेली. १९१६ साली त्यांना रायसाहेब ही पदवी मिळाली. याच सुमारास होमरूलच्या चळवळीतही ते वावरत होते, त्यामुळे पदवी देणाऱ्यांचा अंदाज थोडा चुकला म्हणावयाचा. १९२० साली असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी ती पदवी परत केली. लोकांनी मग आपल्या परीने त्यांना एक पदवी दिली, ‘लोकप्रिय’. सरकारी पदवीपेक्षा ही अधिक टिकली.

त्यांच्या राजकीय कार्याबद्दल अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. रायपूरच्या राष्ट्रीय विद्यालयाच्या उभारणीत आणि खादीच्या प्रचारात ते होते. नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९३० च्या सत्याग्रहात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक पाच पांडव म्हणू लागले. महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव. आणि वयाने वडील असलेले वामनराव अर्थातच युधिष्ठिर. महंत, ठाकूर, मौलाना, मारवाडी शेटजी आणि मराठी वकील अशी ही पांडवांची जोडणी केवळ रायपुरातच शक्य होती. त्या सत्याग्रहात वामनरावांना एक वर्षाचा कारावास आणि वर दंडही झाला. १९४१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, सिमगा येथे वैयक्तिक सत्याग्रह करून ते पुन्हा तुरुंगात गेले.

यात एक अडचणीची बाजू होती, तिचा विचार चरित्रकार फारसा करीत नाहीत. सहकारी बँक ही सरकारी निबंधकाच्या देखरेखीखालची संस्था. तिचे दफ्तर सरकार तपासणार, तिची नोंदणी सरकारच्या हाती. आणि तिचा एक प्रमुख कार्यकर्ता सरकारविरुद्ध कायदेभंग करून तुरुंगात जाणार! ठेवीदार घाबरले असते, सरकारने संस्थेवर राग काढला असता, तर शेतकऱ्यांची पतच बुडाली असती. राजकारणासाठी बँक सोडावी किंवा बँकेसाठी राजकारण सोडावे, हे दोन्ही मार्ग सोपे होते. वामनरावांनी दोन्ही धरून ठेवले. सभेत ते सत्याग्रही होते आणि बँकेत ते हिशेबाचे चोख सेवक होते. दोन्हींची सरमिसळ न करण्याचा हा संयम मला त्यांच्या कारावासाइतकाच मोठा वाटतो.

परंतु पतीचे टोक हाती आले म्हणजे गुंता सुटतो असे नाही, हे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने दाखविले. धान्याचे भाव कोसळले. शंभर रुपयांचे कर्ज फेडायला जेवढे धान पूर्वी पुरे, त्याच्या कितीतरी अधिक लागू लागले. मध्यप्रांत-वऱ्हाडात ठिकठिकाणी सोसायट्यांची वसुली थकली. शेतकऱ्याला स्वस्त कर्ज दिले, पण त्याचा माल खळ्यावर कच्च्या स्वरूपात पडत्या भावानेच जाणार असेल, तर ते कर्ज त्याच्या हातून निसटून पुन्हा व्यापाऱ्याच्याच पेढीवर जमा होते. बँकेने शेतकऱ्याला सावकारापासून काही अंशी सोडविले होते. कोचियापासून आणि गिरणीवाल्यापासून नव्हे.

वामनरावांच्या अखेरच्या मोठ्या कामाकडे या प्रकाशात पाहिले पाहिजे. १९४५ साली बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी, किसान को-ऑपरेटिव्ह राइस मिल, स्थापन झाली. वामनराव तेव्हा बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांचे होते. बँक स्थापन झाल्याला बत्तीस वर्षे लोटली होती. त्या वयात माणसे सत्कार स्वीकारतात. त्यांनी इंजिन, पट्टे आणि चाळण्यांचा संसार मांडण्यात मन घातले.

बलौदाबाजारची निवड अर्थपूर्ण होती. रायपूरपासून सुमारे पंच्याऐंशी किलोमीटरवरील हे गाव धानाच्या ऐन मुलखात वसलेले, पण रेल्वेवर नाही. जवळचे स्थानक भाटापारा. ज्या गावाला रेल्वे नाही तेथील शेतकरी कोचियाच्या हाती अधिक सापडतो, कारण गाडी जुंपून दूरच्या बाजारात जाण्याचा खर्च आणि वेळ त्याला परवडत नाही. नेमकी तेथे गिरणी असली तर गाडीभर धान नेण्याऐवजी तांदूळ बाहेर पडतो, आणि तूस, कोंडा, कणी जागीच राहतात. काळही आणीबाणीचा होता. बंगालचा १९४३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, युद्धामुळे धान्यावर नियंत्रणे आलेली, तांदळाला सगळीकडून मागणी. अशा वेळी गिरणी ज्याच्या हाती त्याची चलती असते.

सहकारी गिरणीची सर्वसाधारण रीत अशी असते. शेतकरी थोड्या रकमेचा भाग घेऊन सभासद होतो. आपले धान तो गिरणीत आणून मोजून देतो, त्याला काही रक्कम उचल मिळते, त्यामुळे खळ्यावरची निकड भागते. धान भरडून, तांदूळ योग्य वेळी विकून, खर्च वजा जाता राहील तो नफा ज्याने जितके धान घातले त्या प्रमाणात त्याला परत जातो. ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात गिरणी आठ महिने चालण्याइतके धान वेळेवर यावे लागते, उचल देण्याइतके भांडवल हाताशी लागते, वजनकाट्यावर बसलेला माणूस सचोटीचा लागतो आणि व्यापाऱ्याने चार आणे अधिक देऊ केले तरी सभासदाने धान गिरणीतच घालण्याचे इमान राखावे लागते. यांपैकी भांडवलाची व्यवस्था तीन दशकांच्या सहकारी बँकेच्या पायावर करता येत होती. बाकीच्या गोष्टी पैशाने मिळत नाहीत.

येथे एक शंका कोणाही जाणकाराच्या मनात येईल. वामनराव खादीच्या पंथातले. वर्ध्याचा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ पासून हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार करीत होता. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळातून जीवनसत्त्वे जातात आणि धान कांडणाऱ्या बायांची मजुरी बुडते, हे दोन्ही आक्षेप निराधार नव्हते. मग गांधीमार्गी माणसाने गिरणी का काढावी? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे कारण असे की, १९४५ पर्यंत गिरणी असावी की नसावी हा प्रश्नच उरला नव्हता. गिरण्या होत्या, वाढत होत्या आणि धान तेथेच जात होते. उरला होता तो प्रश्न इतकाच, की गिरणी कोणाच्या मालकीची असावी. तरीही कांडणाऱ्या बायांचा प्रश्न सहकारी गिरणीनेही सोडविला नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याच वर्षी ठाकूर प्यारेलाल सिंहांनी छत्तीसगडच्या विणकरांची सहकारी संस्था उभारली. हातावर पोट असणाऱ्यांच्या बाजूने दुसऱ्या पांडवाने टाकलेले ते पाऊल होते.

महाराष्ट्रातील वाचकांस या तारखा दुसऱ्या एका कारणासाठी सांगाव्याशा वाटतात. उसाची साखर शेतकऱ्याने स्वतःच्या कारखान्यात करावी, या कल्पनेतून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी उभारलेल्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस झाले. गुजरातेत खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी १९४६ च्या डिसेंबरात झाली. बलौदाबाजारची गिरणी या दोन्हींच्या आधीची. तिची तुलना त्या प्रचंड संस्थांशी करणे योग्य नव्हे. प्रवरेसारखी ती शेकडो गावांचे रूप पालटू शकली नाही. ऊस तोडल्यावर त्वरेने गाळावा लागतो, दूध काही तासांत नासते, त्यामुळे तेथील शेतकरी आपल्या कारखान्याशी आपोआप बांधला जातो. धान वर्षभर टिकते, कोठेही विकता येते, आणि म्हणूनच धान पिकविणाऱ्याला एकत्र ठेवणे अधिक कठीण असते. हा फरक लक्षात घेतला म्हणजे वामनरावांनी किती अवघड पीक निवडले होते ते कळते. निवडले असेही म्हणता येत नाही. त्यांच्या मुलखात तेच पिकत होते.

स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस पाहून २१ ऑगस्ट १९४८ रोजी वामनरावांनी देह ठेवला. शहराने त्यांची आठवण शाळेच्या नावात आणि लाखेनगराच्या नावात जपली.

त्यांच्या कामाचे पुढे काय झाले? बँक आज जिल्हा सहकारी केंद्रीय बँक म्हणून रायपुरात उभी आहे. सोसायट्यांचे जाळे तर इतके विस्तारले की, २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यावर सरकारी धान-खरेदी या गावच्या सोसायट्यांमार्फतच होऊ लागली. कार्तिक सरला की सोसायटीच्या आवारात पोत्यांचे डोंगर रचले जातात, आणि कोचियाला ज्या भावाने धान द्यावे लागे त्याहून कितीतरी बऱ्या भावाने शेतकरी तेथे धान घालतो. आजोबांच्या काळी बाढी फेडणाऱ्या घरांतील नातू आता बँकेच्या खात्यात रक्कम आली का ते पाहतो. मात्र सोसायटीत मोजलेले हे धान भरडायला जाते ते बहुतांशी खाजगी गिरण्यांत. शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ गिरणीवाला सरकारला परत देतो. कोंडा, कणी आणि तूस त्याच्याकडे राहते. १९१३ चे काम टिकले आणि फोफावले. १९४५ चे तितके फोफावले नाही.

बलौदाबाजार २०१२ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले, आणि त्या जिल्ह्याच्या नावात भाटापाराही जोडले गेले. भाटापाऱ्यात आज पोह्यांच्या गिरण्या रांगेने उभ्या आहेत आणि तेथले पोहे दूरदूरच्या बाजारांत जातात. रायपुरातील आपल्या घरांत रविवारी सकाळी कांदेपोह्यांसाठी जे पोहे भिजतात, तेही पुष्कळदा तेथलेच असतात.